देखावा रोमचा, हिशेब वेळेचा

कॅसिनोला परवानगी द्यावी की देऊ नये, असा प्रश्न एखाद्या राज्यासमोर आला की वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू जुगाराने देशोधडीला लागलेल्या कुटुंबांकडे बोट दाखवते, तर दुसरी कर, रोजगार आणि पर्यटक यांचे आकडे पुढे करते. ज्या इमारतीत हा व्यवहार चालणार असतो तिचा नकाशा मात्र दोघांपैकी कोणीच मागवून पाहत नाही. तिचे चित्र सर्वांनी पाहिलेले असते, कारण गुंतवणूकदार ते मोठ्या हौसेने दाखवतो: घुमट, कारंजी, बागा, नाट्यगृह, दुकानांची रांग. चित्रात न दिसणाऱ्या आणि नकाशात स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टींवरच कॅसिनोचा धंदा उभा असतो, म्हणून परवान्याइतकीच कठोर तपासणी नकाशाचीही व्हायला हवी, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी अमेरिकेतल्या लास व्हेगासमधल्या ‘सीझर्स पॅलेस’ या रोमन थाटाच्या कॅसिनो-हॉटेलापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही.

लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, तेव्हा जगभर मंदी होती आणि राज्याजवळ उत्पन्नाची फारशी साधने नव्हती. सुरुवातीचे अड्डे गावातल्या जुन्या रस्त्यावर होते. एप्रिल १९४१ मध्ये लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर, गावाच्या हद्दीबाहेर, ‘एल रँचो व्हेगास’ हे पहिले मोठे कॅसिनो-हॉटेल उघडले. ज्या रस्त्याला पुढे ‘स्ट्रिप’ म्हणून जगाने ओळखले तो आजही बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत नाही. १९५० मध्ये हॉटेलमालकांच्या पुढाकाराने या भागाचे ‘पॅराडाइज’ नावाचे वेगळे गाव करून घेण्यात आले, कारण शहराच्या हद्दीत गेले की शहराचा कर भरावा लागला असता. शहराच्या नावावर नफा कमवायचा आणि शहराच्या जबाबदारीतून अंग काढून घ्यायचे, ही सवय या रस्त्याला जन्मापासून आहे. पहिल्या पिढीतली हॉटेले ‘काउबॉय’ थाटाची होती. १९४६ मध्ये बगसी सीगल या गुंडाच्या ‘फ्लॅमिंगो’ने हॉलिवूडचा झगमगाट आणला. तरीही थाट म्हणजे नाव, पाटी आणि काही सजावट, एवढ्यावरच काम भागत होते.

संपूर्ण इमारत, नोकरांचा वेश, जेवणाची ताटे, पत्रांचे कागद आणि दारातली झाडे यांतून एकच कथा सांगायची, ही कल्पना जे सार्नो या माणसाने तडीस नेली. सार्नोचा जन्म मिसुरीतल्या एका सामान्य कुटुंबातला. स्टॅनली मॅलिन या भागीदारासह त्याने अटलांटा, डॅलस आणि पालो आल्टो येथे ‘कबाना’ नावाची मोटेले बांधली होती, आणि त्यांतही पुतळे, कारंजी आणि नक्षीदार सिमेंटच्या जाळ्या होत्या. भांडवल ट्रकचालकांच्या ‘टीमस्टर्स’ संघटनेच्या पेन्शन फंडातून कर्जाऊ आले होते, आणि त्याच फंडाने सीझर्स पॅलेससाठी एक कोटी डॉलरहून अधिक कर्ज दिले. जमीन कर्क कर्कोरियन या उद्योजकाची होती. त्याने ती १९६२ मध्ये दहा लाख डॉलरपेक्षा कमी किमतीत घेतली होती आणि १९६८ मध्ये हॉटेललाच पन्नास लाखांना विकली. मायामीचे वास्तुरचनाकार मेल्विन ग्रॉसमन यांनी आराखडे केले, एकूण खर्च अडीच कोटी डॉलरच्या आसपास गेला आणि ५ ऑगस्ट १९६६ रोजी चौदा मजल्यांचे, सुमारे सातशे खोल्यांचे हे हॉटेल खुले झाले.

या वास्तूकडे जाणारी वाट नीट पाहण्यासारखी आहे. इतर हॉटेले रस्त्याला चिकटून, पाटी पुढे करून उभी होती. सार्नोने आपली इमारत मागे सरकवली आणि मधल्या मोकळ्या जागेत कारंज्यांची रांग, दोन्ही बाजूंना उंच सुरूची झाडे आणि संगमरवरी पुतळ्यांच्या प्रतिकृती मांडल्या. त्यांत ग्रीक पंखधारी विजयदेवतेची प्रत होती, मिलोच्या व्हीनसची होती. येणारा माणूस मोटारीतच असे, पण वाळवंटातल्या तापलेल्या डांबरावरून आलेल्या त्या माणसाला पाण्याच्या तुषारांमधून पोर्चकडे नेले जात असे. दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची जाळी होती; ती रोमन मुळीच नव्हती, मायामीतल्या उन्हाळी हॉटेलांमधून आलेली होती. आत सेविका अंगरख्यासारखा आखूड पांढरा वेश घालून फिरत. ‘बॅकनल’ नावाच्या भोजनगृहात त्या पाहुण्यांना द्राक्षे भरवत, आणि कोलोसिअमच्या आकारावर बेतलेल्या आठशे आसनांच्या नाट्यगृहाला ‘सर्कस मॅक्सिमस’ असे नाव होते. ऐतिहासिक अचूकतेची सार्नोला पर्वा नव्हती. ग्रीक, रोमन आणि फ्लॉरेन्सचे प्रबोधनकालीन शिल्प यांची सरमिसळ त्याने बिनदिक्कत केली, कारण त्याला पुरातत्त्वाचे संग्रहालय उभारायचे नव्हते. मिसुरीतल्या किंवा ओहायोतल्या विमा एजंटाला आपण दोन दिवस सम्राट आहोत असे वाटावे, एवढेच त्याला हवे होते.

चित्र इथे संपते. नकाशाच्या मध्यभागी, घुमटाखाली, लंबवर्तुळाकार जुगाराचे दालन आहे. अंडाकृती जागेत माणूस सैलावतो, कोपरे नसल्यामुळे त्याला कुठेही थांबल्यासारखे वाटत नाही, अशी सार्नोची ठाम समजूत होती. ही समजूत शास्त्रीय होती की नाही हा भाग सोडून देऊ. नकाशा तिच्यावर आखला गेला हे महत्त्वाचे. हॉटेलातल्या बहुतेक वाटा, म्हणजे खोल्यांकडे नेणारी, जेवणाकडे नेणारी, नाट्यगृहाकडे नेणारी, या दालनाच्या कडेने किंवा मधून जात. दालनाला बाहेर उघडणाऱ्या खिडक्या नव्हत्या आणि भिंतीवर घड्याळ नव्हते. पुढे स्ट्रिपवर पायी फिरणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा रस्ता आणि दालन यांमधले ते भव्य अंतर अडचणीचे ठरू लागले. त्यावर सरकते पट्टे बसवण्यात आले, आणि ते फक्त आत नेणारे होते. रस्त्यावरच्या माणसाला उभ्या उभ्या आत आणण्याची सोय होती; बाहेर पडू इच्छिणाऱ्याला दालनातून वाट शोधत स्वतःच्या पायांनी जावे लागे. या एका यांत्रिक पट्ट्याच्या दिशेत मला या सर्व वास्तुप्रकाराचे सार दिसते. पट्टा कोणावर सक्ती करत नाही, कोणालाही धरून ठेवत नाही. तो एका निर्णयाची किंमत कमी करतो आणि उलट निर्णयाची वाढवतो.

१९९२ मध्ये याच आवारात ‘फोरम शॉप्स’ हा बाजार उघडला, तेव्हा याच विचाराने पुढची पायरी गाठली. छतावर आकाश रंगवलेले आहे आणि दिव्यांच्या साहाय्याने ते पहाटेपासून संध्याकाळपर्यंत रंग बदलते, तेही तासाभराच्या आवर्तनात. खऱ्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. पूर्वी वेळ दिसू दिली जात नव्हती. आता खोटी वेळ दाखवली जाऊ लागली. खरेदीसाठी आलेल्या कुटुंबाला हे आकाश सुखद वाटते, आणि ते सुखद आहेच. माझी हरकत त्याच्या सौंदर्याला नाही. माणूस किती वेळ इथे आहे हे त्याला कळण्याचे साधन नाहीसे करून त्या जागी करमणूक ठेवली जाते, याला आहे.

वेळेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी रूलेटचे, म्हणजे फिरत्या चक्रावर गोळी कोणत्या खणात पडेल यावर पैसे लावण्याच्या खेळाचे, साधे गणित पाहावे लागते. अमेरिकी चक्रावर १ ते ३६ हे आकडे, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य असे ३८ खण असतात. एका आकड्यावर लावलेला पैसा लागला तर ३५ पट मिळतो. ३८ शक्यता आणि ३५ पट मोबदला यांमधल्या फरकातून कॅसिनोचा टक्का निघतो: सरासरीने लावलेल्या पैशाचा ५.२६ टक्के. शंभर डॉलरमागे सव्वापाच डॉलर ही रक्कम कोणालाही लुटीची वाटणार नाही, आणि कॅसिनोचे समर्थक नेमके हेच सांगतात. पण हा टक्का खिशातल्या पैशावर लागत नाही, प्रत्येक डावावर लागतो. समजा एका माणसाने दर डावाला दहा डॉलर लावले आणि तासाला चाळीस डाव झाले, तर तासाला चारशे डॉलर टेबलावरून फिरतात आणि सरासरी एकवीस डॉलर कॅसिनोकडे राहतात. तो एक तास बसला तर एकवीस, सहा तास बसला तर एकशे सव्वीस. खेळाडू तोच, चक्र तेच, नियम तेच. बदलला तो फक्त वेळ. स्लॉट मशीनवर डाव काही सेकंदांत संपतो, त्यामुळे तिथे हा गुणाकार कितीतरी वेगाने होतो. म्हणजे खेळाच्या नियमांनी ठरलेला टक्का हा उत्पन्नाचा एक घटक आहे आणि इमारतीने मिळवलेला वेळ हा दुसरा. सरकारे पहिल्या घटकावर देखरेख ठेवतात, मशीन उघडून तपासतात, पत्त्यांचे जोड मोजतात. दुसरा घटक त्यांनी ‘वास्तुशैली’ म्हणून गुंतवणूकदाराच्या मर्जीवर सोडला आहे.

सीझर्स पॅलेससारख्या वास्तूंवर सुशिक्षितांची जी नेहमीची टीका असते ती मला मान्य नाही, हे इथेच सांगायला हवे. ही टीका अभिरुचीची असते: प्लॅस्टरचे खांब, नकली पुतळे, बाजारू रोम. १९६८ मध्ये रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन हे वास्तुरचनाकार येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन लास व्हेगासला गेले, आणि सामान्य माणसाला आवडणाऱ्या या रस्त्याचा त्यांनी गंभीरपणे अभ्यास केला. पाट्या, अंतरे, वाहनतळ, रात्रीचे दिवे, सगळे मोजले. त्यांनी दाखवलेला आदर योग्य होता. आलिशान हॉटेलाच्या दारात बिचकणाऱ्या माणसाला सार्नोने राजवाड्यात मोकळेपणाने वावरू दिले, यात खरोखरच लोकशाहीचा एक अंश आहे. या उदारतेची मर्यादाही विसरता कामा नये: १९६० पर्यंत स्ट्रिपवरची हॉटेले कृष्णवर्णीयांना पाहुणे म्हणून घेत नसत, मंचावर गाणाऱ्या कलाकारालाही तिथे मुक्काम करता येत नसे, आणि कृष्णवर्णीयांना चांगल्या नोकऱ्या मिळाव्यात यासाठी १९७१ मध्ये न्यायालयीन करार व्हावा लागला. तरीही नकली रोम हा गुन्हा नव्हे. पुतळे खोटे आहेत हे प्रत्येक पाहुण्याला माहीत असते; तिथे कोणाचीही फसवणूक होत नाही. जे त्याला ठाऊक नसते ते पायाखालच्या वाटांच्या आखणीत असते.

देखावा आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा पुढच्या काळाने दिला. सार्नोने १९६९ मध्ये सीझर्स सहा कोटी डॉलरना विकले. त्याआधीच, १९६८ मध्ये, ‘सर्कस सर्कस’ उघडून त्याने तंबू आणि कसरती यांचा थाट आणला होता. खरी लाट आली ती १९८९ मध्ये स्टीव्ह विन या कॅसिनो-उद्योजकाच्या ‘मिराज’बरोबर. सुमारे ६३ कोटी डॉलर खर्चून उभारलेल्या या हॉटेलासमोर दर संध्याकाळी कृत्रिम ज्वालामुखी भडकत असे. त्यानंतर मध्ययुगीन किल्ल्याचे ‘एक्सकॅलिबर’ १९९० मध्ये, पिरॅमिडच्या आकाराचे ‘लक्सॉर’ १९९३ मध्ये, ‘न्यूयॉर्क-न्यूयॉर्क’ १९९७ मध्ये, आणि १९९९ मध्ये ‘व्हेनेशियन’ व ‘पॅरिस’. लक्सॉरमध्ये तर भिंती तिरप्या असल्यामुळे लिफ्टही ३९ अंशांच्या उतारावरून तिरक्या चालतात. अवघ्या दहा वर्षांत एवढ्या संस्कृतींची नक्कल एका रस्त्यावर उभी राहिली. आणि मग ती उतरूही लागली. २००३ मध्ये ‘ट्रेझर आयलंड’ने समुद्री चाच्यांचा थाट कमी केला, २००७ पासून लक्सॉरच्या आतले इजिप्त काढून टाकण्यात आले, १७ जुलै २०२४ रोजी मिराज बंद झाले आणि ज्वालामुखीही गेला. जिथे थाट उतरवूनही धंदा चालू राहिला, तिथे जुगाराचे दालन मात्र मध्यावर कायम राहिले. इजिप्त पुसता आले. दालन हलवता आले नाही, कारण इमारत त्यासाठीच होती.

नकाशाचे एकच सूत्र सर्वत्र चालते असे मात्र मी म्हणणार नाही. कॅसिनो चालवलेल्या बिल फ्रीडमनने अनेक दालनांची पाहणी करून असा आग्रह धरला की छत बुटके हवे, वाटा वळणावळणाच्या हव्यात आणि यंत्रे दाट हवीत, म्हणजे येणारा माणूस लगेच खेळाला भिडतो. याच्या उलट रॉजर थॉमस या अंतर्गत सजावटकाराने विनच्या हॉटेलांमध्ये उंच छत, फुले, झुंबरे आणि मोकळ्या वाटा दिल्या. २००८ च्या ‘एन्कोर’मध्ये तर दालनात सूर्यप्रकाश येतो. दोन्ही पद्धतींनी पैसा मिळाला. यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की रचनेचा परिणाम ही दंतकथा आहे. मला उलट वाटते. कोंडलेल्या माणसाला गुंगवून बसवता येते आणि सुखावलेल्या माणसाला खुशीने बसवता येते; दोघांचे उद्दिष्ट बसण्याचा वेळ हेच आहे. नियम करणाऱ्यांनी यातून एवढा धडा घ्यावा की ‘खिडकी सक्तीची’ अशा एका ओळीच्या नियमाने काम होणार नाही. नाताशा श्यूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासमधल्या मशीन-खेळाडूंमध्ये अनेक वर्षे काम केले, आणि त्यांच्या कामातून दिसते की व्यसनात सापडलेला माणूस बऱ्याचदा जिंकण्यासाठी खेळतही नाही. यंत्राशी लागलेली ती तंद्री टिकावी म्हणून खेळत राहतो. खुर्चीची उंची, पडद्याचा कोन, हाताशी असलेली बटणे, शेजाऱ्यापासूनचे अंतर, सगळे त्या तंद्रीच्या सेवेत असते.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण, खरेदी आणि कार्यक्रम यांतून येऊ लागले, म्हणजे देखाव्याने जुगाराला मागे टाकले. मग जुन्या नकाशाची चिंता कशाला? आकडा खरा आहे. पण करमणुकीचे उत्पन्न वाढले म्हणून टेबलावरचा टक्का सैल झाला नाही. २०१६ मध्ये व्हेनेशियनने रूलेटच्या चक्रावर तिसरे शून्य आणले. खण ३९ झाले, मोबदला ३५ पटच राहिला आणि टक्का ७.६९ झाला. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांत एकवीस लागले तर दोनास तीन या प्रमाणात पैसे मिळत. अनेक टेबलांवर ते पाचास सहा असे कमी करण्यात आले. व्हेनिसचे कालवे आणि तरंगत्या नावा पाहून भारावलेला पाहुणा चक्रावरचे खण मोजत बसत नाही. देखावा मोठा झाला म्हणजे गिऱ्हाईक नवे, अननुभवी येते, आणि त्याच्याकडून जास्त टक्का घेता येतो.

आता त्या घटनेकडे येतो जिच्यामुळे हा विषय माझ्या लेखी केवळ अभिरुचीचा किंवा अर्थशास्त्राचा राहत नाही. कर्कोरियनने १९७३ मध्ये हॉलिवूडच्या वैभवावर बेतलेले ‘एमजीएम ग्रँड’ हे सव्वीस मजली हॉटेल उघडले. २१ नोव्हेंबर १९८० रोजी सकाळी सातच्या सुमारास तळमजल्यावरच्या ‘डेली’ या उपाहारगृहात विजेच्या बिघाडाने आग लागली, आणि ती काही मिनिटांत जुगाराच्या प्रचंड दालनातून दर्शनी दरवाजापर्यंत पोचली. तिला इंधन मिळाले ते सजावटीचे: भिंतीवरचे कागद, डिंक, प्लॅस्टिकचे आरसे, फर्निचर. दालनात आणि उपाहारगृहात स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा, नव्हते. ही जागा चोवीस तास वापरात राहणार, त्यामुळे आग लागलीच तर कोणाच्या तरी लगेच लक्षात येईल, या युक्तिवादावर ती सूट मिळाली होती. पण ‘डेली’ तोवर चोवीस तास चालत नव्हते आणि त्या पहाटे ते बंद होते. ८५ माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक ज्वालांपासून दूर, वरच्या मजल्यांवर, जिने, लिफ्टचे मार्ग आणि भिंतींमधल्या फटींतून चढलेल्या धुराने गुदमरली. जिन्यात शिरलेल्यांच्या मागे दारे बंद होत आणि ती जिन्याच्या बाजूने उघडत नसत.

‘इथे रात्र होत नाही’ हा कॅसिनोचा विक्रीचा मुद्दा. त्यालाच सुरक्षेचा पुरावा मानून सरकारी यंत्रणेने सूट दिली. देखाव्यावर यंत्रणेने विश्वास ठेवला, इतके सरळ ते आहे. तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९८१ मध्ये, ‘लास व्हेगास हिल्टन’मध्ये आग लागून आणखी आठ जण गेले. त्याच वर्षी नेवाडाने कायदा करून आधीच उभ्या असलेल्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर बसवायला लावले. त्यासाठी छते उघडावी लागली, खोल्या बंद ठेवाव्या लागल्या, मोठा खर्च झाला, आणि धंदा बुडाला नाही; उलट त्यानंतरच्या वीस वर्षांत तो सर्वाधिक वाढला. इमारतीच्या आत काय असावे यात सरकारने हात घालू नये, गुंतवणूकदार पळून जातील, असे म्हणणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसे आहे.

हात चुकीच्या दिशेनेही घालता येतो, हे अटलांटिक सिटीने दाखवले. न्यूजर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये त्या एका शहरापुरती कॅसिनोला मान्यता दिली, आणि कायद्याने प्रत्येक कॅसिनोला किमान पाचशे खोल्यांचे हॉटेल बांधण्याची अट घातली. हेतू चांगला होता. लहान अड्डे नकोत, खरी हॉटेले यावीत. प्रत्यक्षात समुद्रकिनाऱ्यावर प्रचंड पेटारे उभे राहिले, ज्यांच्या आत सर्व काही होते आणि ज्यांची पाठ शहराकडे होती. भारतीय वाचकाला त्यातला एक पेटारा खास टोचेल: २ एप्रिल १९९० रोजी उघडलेला ‘ट्रम्प ताजमहाल’. घुमट, मिनार, दारात दगडी हत्ती, आणि बांधकामासाठी चौदा टक्के व्याजाचे रोखे. एका कबरीचे रूप जुगाराच्या दाराला लावल्याबद्दल मी रागावत नाही, सार्नोच्या व्हीनसला जो न्याय तोच याला. पण १९९१ मध्येच त्याने दिवाळखोरी जाहीर केली, २०१६ मध्ये ते बंद पडले, आणि २०१८ मध्ये घुमट उतरवून, गिटारची पाटी लावून दुसऱ्या नावाने उघडले. मोठ्या देखाव्यासाठी घेतलेले कर्ज फेडायचे तर टेबले सतत भरलेली हवीत. हा दबावही नकाशातच लिहिलेला असतो.

सिंगापूरने २००५ मध्ये दोन कॅसिनोंना मान्यता देताना दुसरी वाट धरली. ‘मरीना बे सँड्स’चे तीन मनोरे आणि त्यांच्यावरचा जहाजासारखा माथा जगप्रसिद्ध आहे, मोशे सफदी यांची ती रचना आहे. पण तिथे सुरुवातीपासून जुगाराचे क्षेत्र १५,००० चौरस मीटरपर्यंत मर्यादित ठेवले गेले. कॅसिनोच्या आवारात एटीएम नाही. नागरिक आणि कायम रहिवासी यांना चोवीस तासांच्या प्रवेशासाठी १०० सिंगापुरी डॉलर भरावे लागत, २०१९ पासून १५० भरावे लागतात. कुटुंबाला अर्ज करून घरातल्या माणसावर प्रवेशबंदी आणता येते. हॉटेलात राहणारा, बागेत फिरणारा, संग्रहालयात जाणारा माणूस जुगाराचे दालन न ओलांडता आपल्या कामाला जाऊ शकतो. आत जायचे तर ओळख पटवून, दार ओलांडून, मुद्दाम जावे लागते. त्या दारामुळे सगळे प्रश्न सुटले असे नाही. पण आत जाणे हा निर्णय आहे, अपघात नव्हे, एवढे त्या नकाशाने निश्चित केले. सज्ञान माणसाला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य आहे, हा कॅसिनोच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. तो मला मान्य आहे, आणि म्हणूनच ज्या इमारतीत किती वाजले ते कळते, दार दिसते आणि पैसे काढायला बाहेर यावे लागते तिथेच तो मुद्दा प्रामाणिकपणे लागू होतो असे मी मानतो.

महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावर होता, तो कधी अमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे इथे प्रश्न सध्या मिटला आहे. गोव्यात तो रोजचा आहे. तिथे जुगारविषयक कायद्यातल्या १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांच्या खेळांना मुभा मिळाली, आणि १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. पणजीला वाद होतो तो मांडवीत जहाजे असावीत की नसावीत, नदीचे काय होते, परवाना शुल्क किती, यांवर. हे सारे प्रश्न खरे आहेत. पण जहाज हीसुद्धा एक वास्तू आहे, आणि ती सीझर्सच्या पट्ट्यापेक्षा अधिक काटेकोर आहे: पाहुणा धक्क्यावरून लहान बोटीने तिथे जातो आणि परतायचे तर पुढच्या बोटीची वाट पाहतो. तो वाट पाहतो तेवढ्या वेळात पाच-सात डाव सहज होतात. जमिनीवर कॅसिनो हलवण्याचे धोरण ठरेल तेव्हा ठरेल; तोवर परतीच्या बोटींच्या फेऱ्या किती मिनिटांनी असाव्यात हे परवान्याच्या अटींत लिहावे, वाट पाहण्याची जागा यंत्रांपासून वेगळी असावी, प्रत्येक दालनात घड्याळ असावे, आणि नव्या परवान्याच्या अर्जाबरोबर रंगीत चित्राऐवजी प्रत्येक वाट दाखवणारा नकाशा लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा. हे करायला नवा कायदा लागत नाही. परवान्याच्या अटी ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आजही आहे.